गाजरगवत व सामाईक बांध

गाजरगवताची ओळख शेतकरी बंधूंस नव्यानें करून द्यावयास नको. यासच कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी म्हणतात. हें मूळचें मेक्सिकोकडील. पुणें येथें तें आढळल्याची नोंद इ. स. १९५६ मध्यें प्रसिद्ध झाली. आज तें बहुतेक भारतभर पसरलें आहे.

दाट गवताच्या कुरणांत यास सहसा थारा मिळत नाहीं. जेथें माती उकरलेली, भराव टाकलेला अथवा गवत मुळापर्यंत चरलेलें असतें, तेथें हें प्रथम उगवतें. ओलावा मिळाल्यास महिना-दीड महिन्यांत फुलावर येतें. एका जोमदार झाडास हजारों बिया धरतात. त्या वारा, पाट व गाडीचीं चाकें यांबरोबर दूरवर जातात. जनावरें हें सहसा खात नाहींत. पोटांत गेल्यास दुधास कडवटपणा येतो. वारंवार स्पर्शानें कित्येकांच्या अंगास असह्य खाज सुटते व परागांमुळें दमा उठतो.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. हद्दीचे वाद आम्हीं पुष्कळ पाहिले. पण सेवानिवृत्तीनंतर आम्हीही त्यांतच सांपडलों. शेत स्वच्छ केलें. बांधावरचें गवत मात्र शेजाऱ्यानें काढावें म्हणून ठेविलें. त्याचीही समजूत तशीच होती. बांध कोणाचा हें ठरेपर्यंत गवत फुललें, बीं झडलें, आणि पुढील पावसाळ्यांत दोन्हीं शेतांत सारखेंच उगवलें. बीं सात-बाराचा उतारा पाहून पडत नाहीं, हें आम्हांस उशिरा उमगलें.

यास्तव फुलें येण्यापूर्वीं, जमीन ओली असतां, हातांस मोजे घालून तें मुळासकट उपटावें. फुलापूर्वींचें गवत खतास चालतें. फुललेलें खड्ड्यांत टाकूं नये, नाहींतर तेंच बीं खताबरोबर शेतांत परत येतें. मोकळ्या जागीं तरोट्याचें बीं फेकावें; त्याच्या दाटींत गाजरगवत मागें पडतें. मेक्सिकोहून आणलेला भुंगा १९८४ मध्यें बंगळूर येथें सोडण्यांत आला. तो व त्याच्या अळ्या याचीं पानें फस्त करितात. परंतु त्याचा जोर पावसाळ्यांतच असतो, कोरड्या दिवसांत तो मातींत दडून राहतो. केवळ त्याच्यावर विसंबूं नये.

बांध, पाणंद, पाटाची कड व गांवठाण हीं सर्वांचीं, म्हणून कोणाचींच नव्हत, अशी आपली रीत पडली आहे. आतां आम्ही व आमचे शेजारी आषाढांत एक दिवस ठरवून बांध मिळून साफ करितों. हद्दीचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तण मात्र पुष्कळ हटलें आहे. प्रत्येक गांवीं असा एक दिवस ठरावा, एवढीच विनंती.