उसाच्या सांध्यावरची मुळं

कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाला लागून असलेलं गाव. २००५, २०१९, २०२१ या महापुरांत इथला ऊस दिवसेंदिवस पाण्यात उभा होता. पूर ओसरल्यावर मळीच्या रानात शिरलेला माणूस आधी शेंडा बघतो. शेंडा हिरवा असला तर आशा असते. मग नजर खाली जाते, आणि जमिनीपासून हात-दोन हात वर उसाच्या सांध्यांवर मुळांचे झुपके दिसतात. ही मुळं इतक्या वर आली कुठून?

ती तिथंच होती. पाचट सोलून सांधा जवळून बघा. सांध्यावरच्या डोळ्याच्या, म्हणजे निजलेल्या कोंबाच्या, पातळीवर उसाभोवती एक फिकट पट्टा असतो आणि त्यात बारीक ठिपक्यांच्या रांगा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक निजलेलं मूळ. लागणीला आपण कांडी पुरतो ती याच ठिपक्यांच्या भरवशावर. नव्या कोंबाला स्वतःची जाड, पांढरी मुळं फुटेपर्यंत पाणी हीच बारीक मुळं पुरवतात.

मुळं फुटण्याचा मुख्य निरोप ऑक्झिन या संप्रेरकाचा. ते शेंड्याजवळच्या कोवळ्या भागात तयार होतं आणि पेशीपेशींतून खाली उतरतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. १९२६ साली फ्रिट्स वेंट या डच संशोधकानं ओटच्या कोंबाचे शेंडे कापून आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यावर ठेवले. नंतर तो नुसता तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला ठेवला, तर कोंब विरुद्ध बाजूला वाकला. शेंड्यातलं काहीतरी आगरात उतरलं होतं. तेच द्रव्य मुळंही फोडतं, हे १९३०च्या दशकात कळलं.

आता पुराचं पाणी. झाडाच्या पेशींतून इथिलीन वायू थोडाथोडा निघत असतो. केळी पिकवणारा तोच हा. एरवी तो हवेत निघून जातो. पण पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतात, म्हणून बुडालेल्या सांध्यात तो कोंडतो. आपण पाण्याखाली आहोत हे झाडाला समजतं ते या कोंडलेल्या वायूमुळं. पुढं काय होतं ते खोल पाण्यातल्या भातावर बारकाईनं तपासलं गेलंय. मुळाच्या अगदी टोकासमोरच्या सालीच्या तेवढ्याच पेशी मरतात आणि मुळाला बाहेर पडायला वाट होते. मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

जमिनीतली जुनी मुळं ऑक्सिजनवाचून गुदमरत असतात, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागाजवळच्या या नव्या मुळांना तो थोडाफार मिळतो.

शेंड्यात गाळ बसून तो कुजला तर मात्र चित्र पालटतं. वरून येणारं ऑक्झिन थांबतं, आणि त्याच्याच धाकानं आजवर दबलेले डोळे फुटतात. त्यांना आपल्याकडं पांगशा म्हणतात. त्यांच्या वाढीला उसातलीच साखर खर्ची पडते, म्हणून असा ऊस रानात ठेवून चालत नाही. आधी तोड त्याचीच लागायला हवी.