जुनं फुटेज येतं कुठून? माहितीपटवाले ते शोधतात कसं आणि वापरतात कसं

मागच्या महिन्यात पुण्याहून दोन पोरं आमच्या वस्तीवर आली. माणदेशातल्या दुष्काळावर माहितीपट करतायत. २००३ साली जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या, त्याचं फुटेज हवंय म्हणाली. मी तेव्हा एका वाहिनीला तालुक्यातून बातम्या पाठवायचो. छावणीत तर रोजच जाणं व्हायचं, आमचीच चार जनावरं तिथं दावणीला होती. सगळं शूट केलेलं. पण मिनी डीव्हीची टेप तेव्हा महाग वाटायची, म्हणून एकाच टेपवर पुन्हा पुन्हा भरायचो. छावणीच्या टेपवर पुढं दोन यात्रा आणि एक उद्घाटन भरलं गेलं. बाकीच्या टेपा एसटीनं जिल्ह्याला पाठवल्या, त्या गेल्या त्या गेल्याच. पोरांना चहा पाजला आणि रिकाम्या हातानं लावून दिलं.

जाता जाता त्यांना विचारलं, की बाबांनो, हे जुनं सापडतं तरी कसं? त्यांनी जे सांगितलं आणि मी नंतर जे वाचलं, ते इथं मांडतोय.

पहिलं ठिकाण म्हणजे सरकारी साठे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालापासून. पी. के. नायर या माणसानं ते उभं करण्यात हयात घालवली. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळं त्यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवली. तरी ‘आलम आरा’ हा १९३१ चा आपला पहिला बोलपट आज कुठंच नाही. जुन्या रिळांत चांदी असायची, ती काढायला लोक रिळं विकून टाकायचे. दुसरा मोठा साठा मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचा. १९४८ ला ही संस्था सुरू झाली, २०२२ मध्ये ती एनएफडीसीत विलीन केली. टॉकीजमध्ये मुख्य पिक्चरच्या आधी ‘भारतीय समाचार चित्र’ लागायचं, ते यांचंच. आमचे वडील सांगतात, ते संपेपर्यंत लोक बाहेर विडी ओढत उभे असायचे. आज त्याच रिळांना मोल आलंय.

पण साठ्यात असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. शोधणारा माणूस रीळ बघत बसत नाही, आधी यादी बघतो. यादीत लिहिलेलं असतं, कुठल्या तारखेला, कुठं, कोण, काय करताना. दुष्काळ एवढाच शब्द टाकला तर ढीगभर निघेल, नाहीतर काहीच निघणार नाही. म्हणून आधी जुनी वर्तमानपत्रं चाळून तारीख काढायची, मंत्री कधी आले होते ते बघायचं, आणि त्या तारखेनं यादीत शिरायचं. ज्या डब्यावर नीट चिठ्ठी नाही, तो डबा असून नसल्यासारखा.

आणि मुळात कुणीतरी शूट केलेलं पाहिजे. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. तिचं चित्रीकरण लेखक-दिग्दर्शक नामदेव व्हटकर यांनी स्वतः पैसे उभे करून केलं. त्या रिळामुळं नंतरच्या पिढ्यांना तो जनसागर चालताना दिसतो. त्या दिवशी त्यांनी ‘पैसे नाहीत’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. मी तर एका टेपच्या पैशासाठी छावणी पुसली.

सापडल्यावर परवानगी येते. आधी बघण्यापुरती हलक्या दर्जाची प्रत देतात, तिच्यावर आडवा शिक्का आणि वेळेचे आकडे असतात. कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत हवं ते कळवायचं, मग बहुतेक ठिकाणी सेकंद-मिनिटाच्या हिशोबानं दर लागतो. चित्रपटगृहासाठी वेगळा, टीव्हीसाठी वेगळा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६० ला लागलेल्या फिल्मचा २०२० अखेर संपला. तरी चांगली प्रत ज्याच्या ताब्यात, तो ती काढून द्यायचे पैसे घेतोच.

वापरायचं कसं, याचं एक गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा तिथल्या इम्पिरियल वॉर म्युझियमनं दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांना साठ्यातलं सुमारे १०० तासांचं फुटेज दिलं. २०१८ ला त्याचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ हा चित्रपट आला. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे, त्यामुळं वेग एकसारखा नसायचा. आजच्या वेगानं लावलं की माणसं तुरुतुरु पळतात, आपण जुन्या मूकपटात बघतो तशी. जॅक्सननी एकेक तुकड्याचा मूळ वेग शोधून चाल सरळ केली, मग रंग भरले. आवाज तर नव्हताच. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणारी माणसं बोलावली आणि सैनिकाची पलटण ज्या भागातली, त्या भागातल्या माणसाकडून ते बोलून घेतले. बाकी सगळी कहाणी सैनिकांच्याच जुन्या ध्वनिमुलाखतींतून सांगितली.

यावर इतिहासवाल्यांचा आक्षेपही आहे. रंग भरले, आवाज घातला, मग ते मूळ कागदपत्र राहिलं का? मला विचाराल तर बदल केला हे उघड सांगितलं असेल आणि मूळ रीळ जसंच्या तसं ठेवलं असेल तर चालेल. खोटेपणा दुसरीकडं आहे. १९१६ चा ‘द बॅटल ऑफ द सोम’ घ्या. त्यात सैनिक खंदकातून बाहेर पडून शत्रूवर चालून जातात ते प्रसिद्ध दृश्य लढाईतलं नाही, नंतर करून घेतलेलं आहे. पण खरं म्हणून ते कितीतरी वेळा वापरलं गेलं. जॅक्सन यांच्याकडं प्रत्यक्ष चकमकीचं फुटेज नव्हतं, तिथं त्यांनी त्या काळच्या मासिकातली चित्रं लावली. हे मला आवडलं.

आपल्या वाहिन्यांवर ‘संग्रहित दृश्य’ अशी पट्टी दिसते ती यासाठीच. ती काढली की गेल्या वर्षीचा पूर आजचा होतो. आणि मोबाईलवर काय काय फिरतं ते तुम्ही बघताच.

आता आपल्या घराकडं बघू. माहितीपटवाले हल्ली लग्नाच्या कॅसेटी शोधतात. नवरा-नवरीत त्यांना रस नसतो, मागं दिसतं ते हवं असतं. जुना वाडा, मोटंची विहीर, बैलगाड्या, बायकांच्या डोक्यावरच्या घागरी. पण कॅसेटला बुरशी लागते, चालवायचं मशीन मिळत नाही. तुमच्याकडं असतील तर कोरड्या जागी ठेवा आणि वर तारीख, गाव, कुणाचं काय ते लिहा. मोबाईलमधलं द्यायचं असेल तर व्हॉट्सॲपवर आलेली प्रत देऊ नका, ती दाबून लहान झालेली असते. ज्यानं काढलं त्याच्या फोनमधली मूळ फाईल घ्या.

पोरं गेल्यावर मला राहवेना. तालुक्यातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्या अण्णांकडं गेलो. म्हटलं, अण्णा, २००३ च्या उन्हाळ्यातली लग्नं बघू. माळ्यावर पोतंभर कॅसेटी निघाल्या, प्रत्येकीवर निळ्या पेनानं तारीख आणि आडनाव. तिसऱ्या कॅसेटीत वरात छावणीच्या कडेनं जाते. चाळीसेक सेकंद. बँडच्या मागं पत्र्याचं छप्पर, उसाच्या वाढ्यांचा ढीग आणि ओळीनं बांधलेली जनावरं.

पोरांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, नवरीची परवानगी लागेल. ताईंना विचारलं, त्या आता शेजारच्या तालुक्यात असतात. म्हणाल्या, “घ्या की. पण माझी एक कॉपी मला आणून द्या, आमची कॅसेट कधीच खराब झाली.” कॅसेट गेल्या सोमवारी पुण्याला गेली. या वेळी एसटीनं नाही, मी स्वतः नेऊन दिली.