उसाचे पुस्तक कोणत्या कपाटात?

ग्रंथालयशास्त्र शिकायला नव्याने आलेल्यांच्या मनात एक समज घट्ट असतो, की वर्गीकरण म्हणजे आकडे पाठ करणे. ड्युईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीचे जाडजूड खंड समोर आले की तो आणखीच पक्का होतो. मेल्विल ड्युईने १८७६ साली काढलेली पहिली आवृत्ती जेमतेम ४४ पानांची होती. पसारा पुढे खूप वाढला, पण मुख्य वर्ग दहाच राहिले आणि उरलेले आकडे तक्त्यात पाहूनच घ्यायचे असतात. कस लागतो तो आकड्याच्या आधी. पुस्तक कशाविषयी आहे आणि कोणत्या ज्ञानशाखेच्या अंगाने लिहिले आहे, हे आधी ठरवावे लागते.

उसाचेच पाहा. विषय एक म्हणजे जागाही एक, असे शिकाऊ ग्रंथपालाला वाटते. पण बेणे, लागवड, खोडवा सांगणारे पुस्तक ६३३.६१ वर जाते आणि साखर बनवण्याचे तंत्र ६६४.१ वर. कारखान्याचा सहकारी संस्था म्हणून केलेला अभ्यास ३३४ मध्ये बसतो, ऊसतोड मजुरांच्या कामाचा आणि मजुरीचा ३३१ मध्ये. ऊसशेतीच्या अर्थकारणाचा वर्गांक ३३८.१७३६१. तो कुणी पाठ करत नाही, तो बांधला जातो. ३३८.१७ म्हणजे शेतमालाचे अर्थकारण, आणि पुढचे ३६१ हे ६३३.६१ मधले सुरुवातीचे ६३ काढून उरलेले अंक. या पाचही पुस्तकांच्या नावात ‘ऊस’ असू शकतो. म्हणूनच नुसते शीर्षक वाचून, सूचीत शब्द शोधून आकडा टाकणे ही शिकताना हमखास होणारी चूक आहे. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका चाळल्याशिवाय खंड उघडूच नये.

यावर रास्त आक्षेप असा, की सगळे समजुतीवरच असेल तर प्रत्येक ग्रंथपाल वेगळा आकडा देईल. तसे होऊ नये म्हणून नियम आहेत. उसाचा भूजलावर होणारा परिणाम हा विषय असेल, तर पुस्तक भूजलाकडे जाते, कारण परिणाम ज्याच्यावर होतो त्याला मान. दोन विषयांना सारखेच महत्त्व असेल, तर तक्त्यात आधी येणारा आकडा घ्यायचा. तीन किंवा अधिक उपविषय असतील, तर त्या सर्वांना सामावणारा वरचा वर्ग. शिवाय आपल्या ग्रंथालयाने अशी पुस्तके आजवर कुठे ठेवली, हे तालिकेत पाहायचे.

दुसरा आक्षेप संगणकाचा. शोधपेटीत शब्द टाकला की पुस्तक मिळते, मग वर्गीकरण कशाला? शब्द टाकला की पाचही प्रकारची पुस्तके एकत्र समोर येतात आणि ज्याला नेमका शब्दच माहीत नाही त्याला काहीच मिळत नाही. कपाटाशी उभ्या वाचकाला हव्या पुस्तकाशेजारी त्याच अंगाने लिहिलेले दुसरे दिसते, ते वर्गांकामुळे. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम इथे प्रत्यक्षात येतो.

मात्र ही पद्धत तटस्थ आहे, हाही गैरसमजच. २२० ते २८० हा सलग पट्टा ख्रिस्ती धर्माला, तर हिंदू धर्म २९४.५ वर. इंग्रजी साहित्याला ८२०, मराठीला ८९१.४६. हा ड्युईच्या काळाचा आणि देशाचा ठसा आहे आणि शिकणाऱ्याने तो ओळखलाच पाहिजे. स्थानिक भाषेच्या साहित्याला अक्षर किंवा चिन्ह वापरून ८१० च्याही आधी जागा देण्याची मुभा ड्युईतच आहे. गावातल्या मराठी ग्रंथालयाने ती जरूर घ्यावी, पण एकदा घेतली की मराठी साहित्याच्या प्रत्येक पुस्तकाला ती लावावी.