खपली धरू देऊ नका

१९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने लहान डुकरांच्या अंगावर उथळ जखमा केल्या. काही उघड्याच ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. डुक्कर निवडले ते त्याची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच जुळते म्हणून. उघड्या जखमांवर कडक खपली आली. झाकलेल्या जखमा ओलसर राहिल्या आणि त्यांच्यावर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने पसरली. ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला आणि पुढच्याच वर्षी माणसांच्या त्वचेवरच्या प्रयोगातही तेच दिसले. तोवर जगभर डॉक्टरांचा आणि आज्यांचा सल्ला एकच होता. जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या, खपली धरू द्या.

साठ वर्षे उलटून गेली तरी आपल्या घरांमध्ये हाच सल्ला चालतो. पायाच्या खरचटण्याला तो चालूनही जातो, कारण गुडघ्यावरच्या डागाचे कुणाला सोयरसुतक नसते. चेहऱ्याचे तसे नाही. आणि चेहऱ्यावर बहुतेकांना आयुष्यात सर्वात जास्त वेळा होणारी जखम म्हणजे फोडलेला मुरूम.

मुरूम फोडू नये हे सगळ्यांना माहीत असते. पण हळदीचा कार्यक्रम परवावर आलेला असतो, हनुवटीवर पिवळे टोक दिसत असते, आरशासमोरचा दिवा चांगला असतो आणि हात शिवशिवतात. फोडण्याबद्दलची कानउघाडणी त्वचारोगतज्ज्ञ करतातच. इथे विचार करायचा आहे तो त्यानंतरचा, गालावर तांबडी, ओली, ठणकणारी जागा उरते तेव्हाचा.

आत काय झालेले असते? केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते. तिचे तोंड मृत पेशींनी आणि तेलाने बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि पू होतो. दोन बोटांनी दाबले की थोडा पू बाहेर येतो, पण दाब चहूबाजूंनी पडतो. ग्रंथीची नाजूक भिंत आतल्या अंगाला फुटली तर उरलेला पू, तेल आणि जिवाणू खोल कातडीत पसरतात. म्हणून फोडलेला मुरूम दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठा दिसतो. मग माणूस पुन्हा दाबतो.

जखम वरच्या पापुद्र्यापुरती असेल तर व्रण राहत नाही, डाग पडला तरी तो विरतो. खालच्या जाड थरापर्यंत गेली तर खड्डा राहू शकतो. निसर्गाने एक सोय मात्र करून ठेवली आहे. नवी कातडी जखमेच्या कडांवरून जशी सरकत येते तशी केसांच्या मुळांमधूनही वर येते, आणि चेहऱ्यावर अशी मुळे दाटीने असतात. शिवाय रक्तपुरवठा भरपूर. म्हणूनच चेहऱ्यावरचे टाके पाचसहा दिवसांत काढता येतात, पायावरचे दहाबारा दिवस ठेवावे लागतात. फुटलेल्या मुरमाची उथळ जखमही नीट सांभाळली तर आठवड्याभरात मिटते. नवी कातडी तयार करणाऱ्या पेशी ओल्या जागेवरून सहज सरकतात. वर सुकलेली खपली असेल तर तिच्या खालून, ओल शोधत, वाट काढत जावे लागते. इतके करून त्या पोचतात तोवर नखाने खपली उचकटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

उपचार साधे आहेत, आणि साधे असल्यामुळेच कुणाचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. आधी हात साबणाने धुवायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ रुमालाने पाचदहा मिनिटे सलग दाबून धरायचे, दर अर्ध्या मिनिटाने उचलून बघायचे नाही. जखम साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने धुवायची, टिपून कोरडी करायची आणि तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. दिवसातून दोनदा एवढेच. हायड्रोजन परॉक्साइडचा फेस बघायला बरे वाटते, पण तो जंतूंबरोबर नव्या पेशींनाही भाजतो. स्पिरिट आणि पाणी न घातलेले जंतुनाशक यांचेही तेच.

पेट्रोलियम जेली म्हणजे व्हॅसलिन, हिवाळ्यात ओठांना लावायचे. एवढ्या स्वस्त गोष्टीने जखम कशी भरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने पेनसिल्वेनियातल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट पदार्थ पाहिला. कामगार तो भाजल्याकापल्यावर लावत होते. १८७२ मध्ये चेसब्रोने त्याच्यापासून केलेल्या जेलीचे पेटंट घेतले. तिची खरी परीक्षा व्हायला मात्र १९९६ उजाडले. अमेरिकेत त्वचेच्या किरकोळ शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती पेट्रोलियम जेली आणि निम्म्यांना बॅसिट्रासिन हे प्रतिजैविक मलम दिले गेले. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. ॲलर्जी मात्र झाली ती प्रतिजैविक मलम लावणाऱ्यांपैकी काहींना. आपल्याकडे जखमेवर शिंपडण्याच्या पावडरीत बरेचदा निओमायसिन असते. ॲलर्जी करण्यात ते बॅसिट्रासिनच्याही पुढे आहे, आणि पावडर जखम सुकवते ती वेगळीच.

ज्यांना चेहऱ्यावर तूपकट चकाकी नको त्यांच्यासाठी हायड्रोकोलॉइडची चकती आहे. हा चिकट पदार्थ आधी आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या पोटावर मळाची पिशवी नीट बसावी म्हणून वापरात आला, पुढे जखमांच्या पट्ट्यांमध्ये गेला आणि कोरियन सौंदर्यप्रसाधनांच्या लाटेबरोबर मुरमांवरच्या इवल्या टिकल्यांच्या रूपात औषधाच्या दुकानांत पोचला. चकती लस शोषून पांढरी फुगते, तेव्हा ती बदलायची. तिचा सर्वात मोठा गुण कुठल्याही वेष्टनावर लिहिलेला नसतो. ती बोटाला जखमेपर्यंत पोचू देत नाही. जेली लावलेल्या जागेवर ती चिकटत नाही, म्हणून दोहोंपैकी एकच काहीतरी. पू वाढत असेल, आजूबाजूला लाली पसरत असेल तर तिच्याखाली जखम झाकून टाकू नये. जखम मिटेपर्यंत तिच्यावर बेन्झॉइल परॉक्साइड, ॲडॅपलीन, सॅलिसिलिक ॲसिड ही मुरमांची औषधेही नकोत, मेकअप नको, आणि त्या जागेवरून वस्तरा फिरवायचा नाही.

हळदीचे काय, हा प्रश्न मराठी घरात आल्याशिवाय राहणार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या सुमारास वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. अभिमान वाटावा अशीच ही लढाई होती. पण ती जिंकली गेली ‘हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे’ या मुद्द्यावर. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद चेहऱ्यावरच्या उघड्या जखमेवर दाबावी, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही. डब्यातली पूड निर्जंतुक नसते, तिच्यात रंगाची भेसळ सापडते आणि काहींना हळदीचीच ॲलर्जी असते. लिंबाची गोष्ट तर सरळ धोक्याची. लिंबाच्या रसातले काही घटक उन्हाशी संयोग पावले की कातडी भाजून काळी पडते. टूथपेस्ट आणि चुना यांच्याबद्दल न बोललेलेच बरे.

पण आपल्या गावोगावच्या औषधाच्या दुकानांत याहून मोठा धोका ट्यूबमध्ये भरून मिळतो. ‘डाग जाईल, गोरे व्हाल’ म्हणून दिल्या जाणाऱ्या क्रीममध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल हे जोरदार स्टेरॉइड असते. लाली दोन दिवसांत उतरते, गिऱ्हाईक खूश होते. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, मुरूम उसळून येतात आणि क्रीम सोडले की चेहरा पेटतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखण्यासाठी नियम कडक केले. काउंटरवर ती अजूनही मागितली की मिळतात.

जखम भरल्यावर मागे राहतो तो तपकिरी डाग. सावळ्या कातडीत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जरा दुखापत झाली की जादा काम करतात, म्हणून हा डाग आपल्याकडे घरोघर दिसतो. तो जायला काही महिने लागतात आणि ऊन त्याला गडद करत राहते. कातडी पूर्ण मिटल्यावर रोज सनस्क्रीन लावणे हाच त्यावरचा सर्वात उपयोगी उपाय. दुचाकीवरून फिरणाऱ्यांनी ओढणी किंवा रुमाल बांधला तरी बराच फरक पडतो.

काहीजणांचा प्रश्न मुरमाचा नसतोच, हाताचा असतो. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ लुई ब्रोक यांनी १८९८ मध्ये ओरबाडलेल्या मुरमांचे वर्णन एक स्वतंत्र विकार म्हणून केले होते. कातडी उकरत राहण्याच्या सवयीला २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र जागा मिळाली. असे मूल घरात असेल तर ‘हात काढ’ असे ओरडून उपयोग होत नाही. त्याला मानसोपचाराची मदत लागते आणि ती मिळते.

चेहऱ्यावरची जखम क्षुल्लक समजू नये याची साक्ष १९१५ च्या एप्रिलमध्ये आहे. २३ तारखेला इंग्रज कवी रूपर्ट ब्रूक युद्धावर जाताना ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ वारला. ओठावर डास चावल्याचे निमित्त, वय २७. चारच दिवसांनी मॉस्कोत संगीतकार अलेक्सांद्र स्क्रियाबिन वरच्या ओठावरच्या पुळीतून रक्तात विष भिनून गेला, वय ४३. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यांमागून मेंदूच्या तळाशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग क्वचित आत शिरतो. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. आज असे मृत्यू फारच विरळा झाले आहेत, पण शिरांची रचना बदललेली नाही.

म्हणून जखमेभोवतीची लाली आणि सूज वाढत चालली, ठणका वाढला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळ्याभोवती सूज, तीव्र डोकेदुखी किंवा एकाचे दोन दिसू लागले तर थेट रुग्णालय. मधुमेह असणाऱ्यांनी वाट बघूच नये. खोल, टणक, टोक न आलेली गाठ घरी दाबायची नसते. त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात बारीक सुईने औषध सोडतात आणि ती काही दिवसांत बसते. आणि पन्नाशीनंतर चेहऱ्यावर ‘मुरूम’ आला, त्याची खपली पडते, पुन्हा येते, मधूनच रक्त येते आणि महिना झाला तरी जखम मिटत नाही, असे असेल तर तो मुरूम नसण्याची शक्यता आहे. त्वचेचा एक कर्करोग असाच दिसतो. भारतीयांमध्ये तो कमी आढळतो, आणि लवकर दाखवला तर बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो.