उपनगरांतील सुशी : स्वस्त आणि चांगली कशी ओळखावी

सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. ‘सुशी’ या शब्दाच्या मुळाशीं ‘आंबट’ असा अर्थ आहे, आणि तो आंबटपणा भाताचा. आंखूड दाण्याचा, किंचित् चिकट भात शिजवून त्यांत तांदळाचा शिरका, साखर व मीठ हलक्या हातानें कालवितात आणि त्याच्या बोटभर मुटक्यावर माशाचा काप ठेवितात. माशाऐवजीं अंड्याची पोळी किंवा काकडी चालते. हा भात मात्र नसेल, तर त्या पदार्थास सुशी म्हणत नाहींत. जपानांतील एखाद्या मोठ्या शहराच्या उपनगरांत बेताच्या मिळकतीवर राहणाऱ्या कुटुंबानें चांगली व परवडणारी सुशी शोधतांना प्रथम डोळा कोठें ठेवावा, हें यावरूनच ध्यानांत येईल.

स्वस्त सुशी म्हणजे भ्रष्ट सुशी, अशीहि एक समजूत आहे. इतिहास पाहतां ती टिकत नाहीं. हल्लींच्या मुटक्याची सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरांत, प्रचारांत आली. तिचा उगम हानाया योहेई नांवाच्या विक्रेत्याशीं जोडतात. त्या काळीं ती रस्त्याच्या कडेच्या गाड्यांवर मिळे. मुटकाहि आजच्याहून बराच मोठा असे, आणि कामकरी मनुष्य उभ्या उभ्या दोन-चार मुटके पोटांत घालून वाटेस लागे. पुढें ती गाड्यावरून दुकानांत गेली व महाग झाली. कित्येक दुकानांत तर फळीवर माशांचीं नांवें असत, आणि किंमतीच्या जागीं ‘बाजारभावाप्रमाणें’ एवढेंच लिहिलेलें असे. अशा ठिकाणीं गरीब मनुष्याचें अर्धें लक्ष घासाकडे व अर्धें खिशाकडे राहणार! आमच्या मतें त्याला दाराबाहेर ठेवणारी वस्तु माशाची किंमत ही नव्हे. न सांगितलेली किंमत ही होय.

ही धास्ती घालविण्याचें श्रेय शिराइशी योशिआकी या गृहस्थास द्यावें लागतें. ओसाका शहराच्या पूर्वेस फुसे नांवाचें गांव होतें. 1967 मध्यें तें शेजारच्या दोन गांवांसह हिगाशी-ओसाका या शहरांत मिळालें. तेथें लहान लहान कारखान्यांची दाटी असून शिराइशी यांचें गिऱ्हाईक म्हणजे त्यांतील कामगार. नोकर मिळेनात, आणि भाव तर वाढवितां येईना. अशा विवंचनेंत असतां एका बिअरच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या त्यांनीं पाहिल्या. बाटल्या जातात तर ताटल्या कां जाऊं नयेत? विचार सोपा, पण कृति कठीण. कारण बाटल्यांचा पट्टा सरळ धांवतो, दुकानांतला कोपऱ्यावर वळावा लागतो. बऱ्याच खटपटीनंतर 1958 मध्यें फुसे येथें ‘गेन्रोकु’ हें फिरत्या पट्ट्याचें पहिलें दुकान निघालें. पट्ट्याचा वेग सेकंदास सुमारें 8 सेंटिमीटर ठेवितात. याहून मंद असेल तर खाणारा कंटाळतो, जलद असेल तर मासा सुकतो व ताटली उचलतांना तारांबळ उडते. 1970 च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनांत हा पट्टा लाखों लोकांच्या दृष्टीस पडला. रिकाम्या ताटल्या मोजल्या कीं हिशेब झाला. विचारण्याची लाज नाहीं, फसण्याचें भय नाहीं.

यापुढील काटकसर यंत्रांनीं केली. 1981 मध्यें सुझुमो या कंपनीनें भाताचे मुटके वळणारें यंत्र बाजारांत आणिलें. शहराच्या मध्यापेक्षां बाहेरच्या हमरस्त्यावर जागा स्वस्त, म्हणून मोठालीं दुकानें उपनगरांत वसलीं. ‘सुशिरो’ या प्रसिद्ध मंडळीच्या दुकानांत तर ठिकाणाप्रमाणें दर निराळे असून उपनगरांतील दर सर्वांत कमी असतात. तेथील सर्वांत स्वस्त ताटली 2022 च्या ऑक्टोबरांत 110 येनांवरून 120 वर गेली, तेव्हां पुष्कळांना हळहळ वाटली.

मासा बर्फांत गोठविलेला असतो, हा या दुकानांवरचा नेहमींचा आक्षेप. आम्हांस तो रास्त वाटत नाहीं. कच्च्या समुद्री माशांत अनिसाकिस नांवाचा बारीक कृमि असूं शकतो. तो पोटांत गेल्यास असह्य कळा येतात. शिरका, मीठ किंवा तिखट वासाबी यांनीं तो मरत नाहीं. उणें 20 अंश सेंटिग्रेडवर 24 तास गोठविल्यानें मरतो. टूना, ज्यास आपल्याकडे कुपा म्हणतात, तो तर दूरच्या समुद्रांतून उणें 60 अंशांच्या आसपास थंडीत ठेवूनच आणितात. जपानी लोक पूर्वीं सामन मासा कृमींच्या भयानें कच्चा खात नसत. नॉर्वेनें 1980 नंतरच्या दशकांत आपला पाळीव सामन तेथें आणिला, आणि आज मुलांना त्याहून प्रिय दुसरा मासा नाहीं.

मग पारख कशी करावी? आपली कोळीण कल्ला उघडून दाखविते. येथें मासा कापलेला, तेव्हां तो उपाय खुंटला. प्रथम भात पाहावा. तो अंगाइतका कोमट असावा, उचलतांना सुटूं नये, आणि तोंडांत घालतांच दाणा दाणा मोकळा व्हावा. गार व कडक मुटका म्हणजे फार वेळ पडून राहिलेला. मग टूनाच्या मागें न लागतां ‘साबा’ मागावा. हा आपल्या बांगड्याच्या कुळांतला, स्वस्त, पण लवकर नासणारा मासा. मीठ व शिरका लावून तो बेतानें मुरविणें हें कसबाचें काम आहे. जेथें साबाला उग्र वास नाहीं, तेथें बाकीच्या जिनसाहि बहुधा निर्धास्त खाव्या. गर्दीची वेळ साधावी, म्हणजे ताटल्या शिळ्या होत नाहींत. आणि फिरत्या ताटलीपेक्षां मागणी देऊन करविलेली केव्हांहि बरी.

घराजवळच्या गल्लींत एखादें जुनें, आठ-दहा बैठकींचें दुकान असेल तर त्यालाहि विसरूं नये. रात्रीं तेथें जाणें न परवडलें, तरी दुपारीं ठरलेल्या किंमतीचें ताट मिळतें, आणि त्याच हातची सुशी पुष्कळ कमी दरांत खावयास सांपडते. भाव दाराबाहेर लिहिलेला असला म्हणजे झालें. ज्यांना तेंहि जड, ते संध्याकाळीं उशिरां वाणसामानाच्या मोठ्या दुकानांत जातात. तेथील सुशी त्याच दिवशीं खपली पाहिजे, म्हणून बंद होण्याच्या सुमारास नोकर डब्यांवर अर्ध्या किंमतीच्या चिठ्या चिकटवूं लागतो, आणि इतका वेळ दुसऱ्याच फळीकडे पाहत उभीं असलेलीं माणसें हळूच तिकडे वळतात.