चतुर्थीचे विमान आणि चिपीचा पाऊस

मोहोपाडा-रसायनीच्या कारखान्यांत नोकरीला असलेली सिंधुदुर्गातली कुटुंबे चतुर्थीला गावी निघतात, तेव्हा एसटीची गर्दी, रेल्वेची प्रतीक्षा यादी नाहीतर महामार्गावरचे खड्डे, यांपैकी काहीतरी वाट्याला येतेच. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. मोहोपाड्याहून पनवेल ओलांडले की उलव्याचा हा विमानतळ. या टोकाची सोय झाली. आता प्रश्न पलीकडच्या टोकाचा आहे. वेंगुर्ले तालुक्यात, चिपीच्या सड्यावर, ऐन पावसात विमान उतरणार का?

परुळ्याजवळचा हा जांभ्याचा सडा उघडाबोडका आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, गोव्याची हद्दही लांब नाही. धावपट्टी 2,500 मीटरची, म्हणजे मोठ्या विमानांनाही पुरेल एवढी. 12 सप्टेंबर 2018 रोजी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, इथे चाचणीचे पहिले विमान उतरले ते गणपतीची मूर्ती घेऊन. प्रवासी मात्र आणखी तीन वर्षे थांबले. 9 ऑक्टोबर 2021 ला विमानतळ खुला झाला आणि अलायन्स एअरचे सत्तरेक आसनांचे एटीआर विमान मुंबईहून येऊ लागले.

सुरुवातीच्या वर्षांत इथे विमान उतरायचे ते वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर. अशा उड्डाणाचे नियम साधे आणि कडक असतात. नियंत्रित हद्दीतल्या विमानतळावर दृश्यमानता निदान पाच किलोमीटर हवी, ढगांचा तळ निदान दीड हजार फुटांवर हवा आणि अंधार पडल्यावर उतरणे बंद. जुलै-ऑगस्टमधला किनारा आठवा. नैर्ऋत्येकडून सर आली की समोरचा माड दिसत नाही; ती ओसरते, पाच-दहा मिनिटे लख्ख उघडते आणि पुन्हा भरून येते. वैमानिकाला धावपट्टीच्या कडेचे चार दिवे दिसावे लागतात. दोन पांढरे, दोन तांबडे दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर. सगळे तांबडे दिसले तर विमान फार खाली आले आहे. सरीच्या पडद्याआड हे दिवेच हरवले, तर वर चढून घिरट्या घालायच्या किंवा माघारी फिरायचे, एवढेच हाती उरते. त्या वैमानिकाला दोष देणे अन्यायाचे आहे. त्याने परत नेलेले विमान म्हणजे सत्तर माणसे सुखरूप.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, चीनच्या सीमेजवळच्या सिक्कीममध्ये, पाक्योंगने हेच भोगले. डोंगर कापून, सुमारे 1,400 मीटर उंचीवर बांधलेला हा विमानतळ सप्टेंबर 2018 मध्ये खुला झाला. धुके आणि ढग यांमुळे फेऱ्या वारंवार रद्द होत गेल्या, 2019 मध्ये सेवा थांबली, 2021 मध्ये सुरू झाली आणि पुढे पुन्हा खंडित झाली. बांधकाम देखणे होते, पण ढगांतून वाट दाखवणारी यंत्रणा नव्हती.

चिपीला पावसाइतकाच पैशाचाही फटका बसला. ‘उडान’ योजनेत तिकिटाचे दर आवाक्यात ठेवायचे आणि कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची, पण ती तीन वर्षेच. ऑक्टोबर 2024 मध्ये ही मुदत सरली आणि अलायन्स एअरची मुंबईची फेरी बंद पडली. तोवर गोव्यातल्या पेडण्यात मोपाचा विमानतळ उभा राहिला होता. 5 जानेवारी 2023 पासून तिथे विमाने येत आहेत आणि बांदा-सावंतवाडीच्या माणसाला तो चिपीइतकाच सोयीचा वाटतो. एकदा फेरी रद्द झालेला प्रवासी पुढच्या खेपेला मोपाचेच तिकीट काढतो. प्रवासी घटले की फेऱ्या घटतात आणि फेऱ्या घटल्या की उरलेलेही पाठ फिरवतात.

माझ्या मते चिपीचा जीव चतुर्थीच्या पंधरवड्यात अडकलेला आहे. भाद्रपद म्हणजे चाकरमान्यांची सर्वांत मोठी गर्दी, आणि पाऊसही अजून मुक्कामाला. हिवाळ्यात पर्यटक निरभ्र आकाशात येतील, त्यासाठी फार काही करावे लागत नाही. भाद्रपदात विमान उतरवायचे तर जमिनीवरून दिशा आणि उताराचे संकेत देणारी उपकरणे हवीत, त्यांची नियमित तपासणी हवी, चोवीस तास हवामान टिपणारी माणसे हवीत आणि त्या उपकरणांवर सराव असलेले वैमानिक हवेत. उपकरणांच्या भरवशावर विमान उतरवण्याची नियमात मुभा मिळणे ही पहिली पायरी आहे. तिच्यामागे दरवर्षीचा खर्च उभा राहतो. टर्मिनलच्या रंगरंगोटीआधी तो पैसा इकडे लागला पाहिजे.

एवढे करूनही काही दिवस विमान उतरणारच नाही, हेही प्रवाशाला मोकळेपणाने सांगावे. ते मोपाला वळवले, तर तिथून कुडाळ-सावंतवाडीपर्यंतची बस विमान कंपनीनेच द्यावी. ती कुठून सुटेल आणि कुठे थांबेल, हे तिकीट काढतानाच कळले, तर म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेला रसायनीचा कामगारही ते तिकीट काढेल.