कॅक्टस आणि नागपूरचा पावसाळा

नागपूरचा उन्हाळा सोसणाऱ्या झाडास आणखी कशाचें भय, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. २३ मे २०१३ रोजीं या शहरीं ४७.९ अंश उष्णतेची नोंद झाली. वाळवंटांतील काटेरी मंडळींस हें माहेरच वाटावें! मनीषनगरांतील आमच्या गच्चीवर ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरिआस जातीचा कॅक्टस आला, आणि ही समजूत मोडली.

हा मूळचा ईशान्य मेक्सिको व टेक्सास येथला. अंगावर एकहि काटा नाहीं; चपटा, आठ फांकांचा, पांढऱ्या ठिपक्यांनीं चितारलेला. वैशाख त्यानें बिनतक्रार काढला. आषाढांत एके सकाळीं हात लावला, तों तो कुंडींतून अलगद उचलूनच आला. वरून हिरवागार, खालून नुसता चिखल.

अपराध पावसाचा खराच, पण घरच्या मायेचाहि होता. एकत्र कुटुंबांत झाडांस पाणी घालणारे हात फार. मातोश्री तुळशीस घालून उरलेलें पाणी देत, वहिनी सायंकाळीं घालीत, मुलें शाळेंतून आल्यावर. आणि प्रत्येकास वाटे, बिचाऱ्याकडे कोणी पाहत नाहीं! त्यांत कुंडी आम्हीं भरली होती अंगणांतील काळ्या मातीनें. ही माती पावसांत फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांचा श्वास कोंडते.

कॅक्टसचा व्यवहार मुळीं रात्रींचा. दिवसां पाणी उडूं नये म्हणून तो त्वचेवरील रंध्रें मिटून घेतो, व रात्रींच्या गारव्यांत तीं उघडून कर्बवायु सांठवितो. मे महिन्यांत रात्रहि तापलेली असते, तेव्हां त्याची वाढ खुंटते. अशा वेळीं भरपूर पाणी देणें म्हणजे निजलेल्याच्या तोंडांत घांस कोंबणें होय.

आतां आम्ही कन्हानची जाड रेती, विटांचा चुरा व थोडें कुजलेलें पानांचें खत घेतों. कुंडी मातीची व लहान. पावसाळ्यांत वर पारदर्शक पत्रा, उन्हाळ्यांत दुपारीं हिरवी जाळी. पाणी आंतील रेती पुरती सुकल्यावरच. थंडींत जवळजवळ बंद. मुळांशीं कापसासारखे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण समजावे आणि त्यांस क्षुल्लक मानूं नये. त्यांच्याच एका भाऊबंदानें, १९२६ सालीं श्रीलंकेंतून आणलेल्या किड्यानें, दक्षिण भारतांतील निवडुंगाचीं रानेंच्या रानें फस्त केलीं होतीं.

दुर्मिळ जातींच्या हौसेंत मात्र एक पथ्य आहे. २०१५ च्या जागतिक पाहणींत कॅक्टसच्या ३१ टक्के जाती धोक्यांत आढळल्या, आणि संग्राहकांसाठीं होणारी लूट हें त्याचें एक मोठें कारण. ॲस्टेरिआसचीं रानांतील झाडें विकण्यास तर आंतरराष्ट्रीय बंदीच आहे. शिवनेरीच्या कड्यावरील आपली शिंदळ माकुडी कोणी उपटून नेली तर आपणांस काय वाटेल?

म्हणून आम्हीं दुसरें झाड न घेतां रोपवाटिकेंतील झाडांचें बीं पेरलें. ताजें बीं आठवड्याच्या आंत रुजतें. वाढ मात्र मुंगीच्या पावलानें. चौथ्या वर्षीं आमचीं सात रोपें सुपारीएवढीं झालीं आहेत. या जातींत झाडाचे पराग त्याच झाडावर सहसा फळ धरीत नाहींत, म्हणून निदान दोन तरी जगावयास हवींत. मातोश्रींचा तांब्या हल्लीं तुळशीपाशींच थांबतो. पण रोपांपाशीं जाऊन तीं मोजल्यावांचून त्या खालीं उतरत नाहींत.